लक्ष देऊन जेवायचा वर्ग कसा घ्यावा

गुरुवारी दुपारी साडेतीनला गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्याच्या वेटिंग हॉलमध्ये मी १२ खुर्च्या गोल मांडते आणि वजनकाटा उचलून आतल्या खोलीत ठेवते. वर्गाची तयारी एवढीच. पण तो काटा आत ठेवायची अक्कल यायला माझी एक अख्खी बॅच वाया गेली.

मी आहारतज्ज्ञ. वीसएक वर्षं नाशिकमध्ये डाएट चार्ट लिहून दिले. सकाळी हे, दुपारी ते, रात्री आठच्या आत अमुक. तो चार्ट घरी फ्रिजवर चुंबकाने लावतात आणि त्याच फ्रिजमधून रात्री अकराला श्रीखंडाचा डबा निघतो. लाडवाने वजन वाढतं हे माहीत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. हात डब्यात कधी गेला आणि डबा अर्धा कधी झाला, हे मात्र भल्याभल्यांना सांगता येत नाही. मलाही नाही. संध्याकाळी सहाला ओट्याशी उभ्या उभ्या मीही चिवड्याची बरणी उघडते, चहा उकळेपर्यंत पाच-सहा मुठी होतात, आणि विचाराल तर म्हणेन, “छे, आज काही खाल्लं नाही.”

म्हणून हा आठ आठवड्यांचा वर्ग. दवाखान्यात, सोसायटीच्या हॉलमध्ये, महिला मंडळात कुणाला घ्यायचा असेल त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगते. घरी एकट्याने करणाऱ्यांनाही यातलं निम्मं कामी येईल.

कल्पना माझी नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनी दुखणी आणि ताण घेऊन येणाऱ्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष देण्याचा, कार्यक्रम सुरू केला. जीन क्रिस्टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीच पद्धत खाण्याकडे वळवली. त्यांचा पहिला प्रयोग १९९९ मध्ये छापून आला, १८ लठ्ठ स्त्रियांवरचा. नंतर १५० जणांवर मोठा अभ्यास झाला. ताबा सुटून बकाबका खाण्याचे झटके दोन्हींत कमी झाले. नाशिकमध्ये माइंडफुलनेस म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “ताई, म्हणजे इगतपुरीसारखं का?” मुळं तिकडचीच आहेत, खोटं कशाला बोलू. पण तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं मौन, पहाटे चारची घंटा, आणि नव्या साधकाला संध्याकाळी चहा-फळांवर भागवायचं असतं. आमच्याकडे बोलायला बंदी नाही आणि रात्रीचं जेवण कुणी चुकवायचं नाही. ‘सजगता’ हा शब्दही मी वापरत नाही. तो ऐकला की लोक पाठ ताठ करून डोळे मिटतात. ‘लक्ष देऊन जेवायचं’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आता वजनाचं. पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा की या वर्गाने किलो उतरतीलच असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९४ लठ्ठ माणसांवर साडेपाच महिन्यांचा एक कार्यक्रम झाला. आहार आणि व्यायाम दोन्ही गटांना सारखाच, एका गटाला त्यावर माइंडफुलनेस. दीड वर्षाने दोन्ही गटांच्या वजनात फरक निघाला सरासरी १.७ किलोचा, आणि तोही योगायोग असू शकेल इतपतच. खाण्याच्या सवयींवर, भावनेच्या भरात खाण्यावर, झटक्यांवर या पद्धतीचा परिणाम दिसतो. काट्यावर फारसा नाही. हे ऐकून दर बॅचला दोघं-तिघं उठून जातात. जाऊ द्या. फी परत करा. मी आठ आठवड्यांचे मिळून हजार रुपये घेते, आगाऊ. फुकट ठेवला तेव्हा तिसऱ्या गुरुवारी चारच माणसं उरली होती.

काट्याचा किस्सा असा. पहिल्या बॅचला मी दर गुरुवारी सगळ्यांचं वजन करायचे. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की दोघी जणी त्या दिवशी सकाळपासून उपाशी राहतात, पाणीसुद्धा बेताचं पितात, आणि वर्ग सुटला की कोपऱ्यावर पाववडा खाऊनच रिक्षात बसतात. एकीचं वजन अर्धा किलो वाढलेलं निघालं, ती पुढच्या गुरुवारी आलीच नाही. माझाच काटा त्यांना ‘एकादशी, दुप्पट खाशी’ शिकवत होता. हल्ली वजन आणि कंबर वर्ग सुरू व्हायच्या आधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा, तेही डॉक्टरांच्या खोलीत दार लावून. आपल्या लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या आत हवी. हे आकडे त्या खोलीतच राहतात.

कोणाला घ्यायचं, कोणाला नाही

इथे घाई करू नका. खाऊन मुद्दाम ओकारी काढणारे, खाण्यावरून स्वतःला इजा करणारे, नैराश्य अंगावर असलेले, यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. आठ आठवड्यांच्या वर्गाचं ते काम नाही. डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगितलं की काहींना घाबरं होतं, छाती धडधडते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि श्वासाऐवजी जमिनीला टेकलेल्या तळव्यांकडे लक्ष द्यावं. आता मी सगळ्यांनाच तसं सांगते.

आणि मधुमेह. दुसऱ्या बॅचमध्ये नाशिकरोडचे एक निवृत्त गृहस्थ होते, ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणारे. वर्गात मी म्हटलं होतं, भूक भागली की थांबा. ते आज्ञाधारक. रात्री गोळी घेतली आणि अर्धं ताट ठेवून उठले. दोनच्या सुमारास घामाने अंथरूण ओलं, हात थरथरतायत. त्यांच्या पत्नीने प्रसंगावधान राखून साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. चूक सर्वस्वी माझी होती, औषधांची यादी मी मागितलीच नव्हती. तेव्हापासून इन्सुलिन किंवा अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. जेवण कमी होणार असेल तर डोस आधी बदलावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच बदलायचा. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, हे मी पहिल्या दिवशी सगळ्यांकडून म्हणून घेते, मधुमेह असो नसो.

पहिला गुरुवार: बेदाणा

तीन मिनिटं नुसतं बसा. मग प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवा. एकच. नाशिकमध्ये हा प्रयोग करायची एक गंमत आहे. पिंपळगावकडचे एक बागायतदार बॅचमध्ये होते. बेदाणा बोटात धरून त्यांनी आधी रंग पाहिला, मग म्हणाले, “शेडमध्ये दोन दिवस जास्त राहिलाय.” डिपिंग ऑइलमध्ये द्राक्षं किती वेळ बुडवली, जाळीवर थर किती जाड, सगळं सांगितलं. मी मध्ये पडले नाही. इतक्या बारकाईने बेदाण्याकडे बघणारा माणूस मला पुन्हा कुठे मिळणार? सगळं बोलून झाल्यावर त्यांना तो तोंडात ठेवायला सांगितला, चावायचा नाही, अर्धा मिनिट. मग एकदाच चावायचा. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, “इतकी वर्षं बेदाणा करतोय, मूठ मारण्याशिवाय कधी खाल्ला नव्हता.”

क्रम असा ठेवा: आधी बघायचं, मग बोटाने चाचपायचं, कानाशी नेऊन चुरगाळायचं (हसू येतं, येऊ द्या), वास घ्यायचा, ओठांना लावायचा, जिभेवर ठेवायचा, चावायचा, आणि गिळताना तो कुठपर्यंत जाणवतो ते पाहायचं. पाच मिनिटं लागतात. कुणीतरी पहिल्या दहा सेकंदांतच गिळून मोकळं होतं आणि ओशाळतं. त्याला दुसरा द्या, बोलू काही नका. शेवटी “कसं वाटलं?” असं विचारू नका, त्यावर सगळे “छान” म्हणतात. “लाळ कधी सुटली?” हे विचारा. बहुतेकांना आठवतं की तोंडात घालायच्या आधीच सुटली होती.

घरचा अभ्यास: दिवसातून एका जेवणाचे पहिले चार घास असे खायचे. चारच. अख्खं जेवण असं करा म्हटलं तर एकत्र कुटुंबातली सून दुसऱ्या दिवशी वर्ग सोडेल. माझे आजोबा जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून श्लोक म्हणायचे, तेवढा वेळ सगळ्यांचे हात आपोआप थांबायचे. ज्यांच्या घरी अजून ते आहे त्यांना मी तेच चालू ठेवायला सांगते, फक्त श्लोक म्हणताना भाजीकडे बघा म्हणते.

दुसरा: भागली की भरली

पुस्तकात भुकेची १ ते १० अशी पट्टी असते. मी ती वापरून पाहिली. सगळे ५ म्हणतात. म्हणून फळ्यावर आपलेच शब्द लिहिते: कावळे ओरडतायत, भूक लागलीय, चाळवलीय, काहीच नाही, भागली, पोट भरलं, तडस लागली. या शब्दांवर कुणी अडत नाही. सगळी मेहनत ‘भागली’ आणि ‘भरलं’ यांच्या मधल्या जागेवर घ्यायची आहे. जठर ताणलं की त्याची खबर मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते, अन्न आतड्यात उतरलं की तिथून संप्रेरकं सुटतात. हे सगळं नीट पोचायला १५-२० मिनिटं जातात. आपली जेवणं दहा मिनिटांत उरकतात. म्हणजे भूक भागल्याचं कळतं तेव्हा आपण तडस लागेपर्यंत जेवून बसलेलो असतो.

मग थांबायचं कधी? दर घासाला चमचा खाली ठेवा हा सल्ला हाताने जेवणाऱ्यांच्या उपयोगाचा नाही. आपल्या ताटातच एक थांबा आहे: पोळी संपते आणि भात यायचा असतो, तो. तिथे हात ताटाच्या कडेवर टेकवायचा, एक श्वास घ्यायचा आणि पोटाला विचारायचं, भागली की नाही? नसेल तर भात घ्या, खुशाल घ्या. विचारलं म्हणजे भात सोडलाच पाहिजे असं ज्यांना वाटतं, ते दोन दिवसांत विचारणंच सोडतात.

तिसरा: शंकरपाळे

मूळ कार्यक्रमात चीज-बिस्किटं आणि चॉकलेट असतं. मी शंकरपाळे आणते, प्रत्येकाला सहा. एकेक खायचा आणि चवीला दहापैकी गुण लिहायचे. पहिल्याला ९, दुसऱ्याला ८, चौथ्याला ५ असं उतरत जातं. एकच चव सारखी घेत राहिलं की जीभ कंटाळते, पोट भरायच्या कितीतरी आधी. लग्नाच्या बुफेत आपण एवढे का खातो तेही यात आलं: चव बदलत राहते, जिभेला कंटाळायला सवडच मिळत नाही. वर्गात प्रत्येकाने ठरवायचं, आपले शंकरपाळे कितव्याला संपले. सिडकोतल्या एक काकू म्हणाल्या, “माझे सहाही नऊ.” मी म्हटलं, मग सहाही खा. त्यांना ते अपेक्षित नव्हतं. पुढच्या आठवड्यात सांगत होत्या की घरी दिवाळीतले उरलेले खाऊन पाहिले, ते पहिल्यालाच तीन गुणांचे निघाले. खवट झाले होते आणि त्या आठवडाभर तेच खात होत्या.

चौथा: दुतोंड्या मारुती

हा माझा आवडता. खायची हुक्की ही लाट असते, चढते आणि उतरते, ही कल्पना अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांची. त्यांनी ती दारू आणि सिगारेट सोडणाऱ्यांसाठी मांडली होती. नाशिककराला समुद्राची लाट सांगून काय उपयोग? आपल्याला गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर कळतो. पावसाळ्यात पाणी किती चढलं हे आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो: गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत गेलं. पूर अडवायला कुणी रामकुंडात उतरत नाही. पुलावर उभं राहून बघतात.

वर्गात प्रत्येकासमोर त्याच्या आवडीचा पदार्थ झाकून ठेवायचा, मग झाकण काढायचं आणि हात मांडीवर. आता पाणी कुठे आहे? लाळ, घसा, बोटांची चुळबूळ, मनातलं “एकच खाते”. दर मिनिटाला मी विचारते आणि ते सांगतात, “कमरेला.” “छातीला.” “अजून छातीलाच.” “कमरेला उतरलं.” बहुतेकांचं पाच-सात मिनिटांत उतरायला लागतं. उतरल्यावरही खायचं असेल तर खा. काहींचं उतरतच नाही, तेव्हा खरी भूक आहे का ते विचारा. दुपारचं जेवण चुकवून आलेली माणसं असतात.

दुसरा प्रश्न त्याहून कामाचा: धरणातून पाणी कोणी सोडलं? गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की काही तासांनी घाटावर कळतं, तसंच हेही. रात्री अकराच्या श्रीखंडाचं मूळ सातच्या फोनमध्ये असतं. एका बाईंनी आठवडाभर वहीत लिहून आणलं, सातपैकी पाच रात्री मुलाचा पुण्याहून फोन आला नव्हता.

पाचवा: आग्रह

दोघांच्या जोड्या करा. एकाने वाढायचं, दुसऱ्याने नको म्हणायचं. वाढणारा सगळी हत्यारं काढतो: “माझ्या हातचं आवडत नाही का”, “एकाने काय होतंय”, “बारीक झालीस गं”. नुसतं “नको” म्हटलं तर चमचा पुढे सरकतोच. “आत्ता नको, पाच मिनिटांनी घेते” याने थांबतो, आणि पाच मिनिटांनी वाढणारा दुसऱ्या पानाकडे गेलेला असतो. ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ हे वापरू देऊ नका. त्यावर पंगतीत वैद्यकीय चर्चा सुरू होते. वाढणाऱ्याच्या बाजूनेही एकदा बसवा. सासूबाईंना पहिल्यांदाच समजतं की समोरच्याचं ताट रिकामं दिसलं की त्यांचाच जीव कासावीस होतो.

सहाव्या गुरुवारी उभ्याने खाणं. बायकांनी मुलांच्या ताटातलं उरलेलं तोंडात टाकणं, फोडणी चाखता चाखता वाटीभर भाजी संपवणं. नियम एकच, काहीही खा, पण बसून आणि ताटलीत घेऊन. माझी चिवड्याची बरणी याच नियमाने आटोक्यात आली, पूर्ण नाही. अंबडच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट करणारे रात्री बाराला घरी येऊन मोबाइल बघत अख्खं जेवण जेवतात. त्यांनी मुख्य जेवण कॅन्टीनच्या सुट्टीत करायचं आणि घरी आल्यावर थोडं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

सातव्यात घसरण्याबद्दल बोला. गणपतीत अकरा मोदक झाले, मग “आता बिघडलंच आहे तर” म्हणून पुढचे चार दिवस सोडून दिले, असं सगळ्यांचंच होतं. नुकसान मोदकांपेक्षा त्या चार दिवसांनी जास्त होतं. पुढचंच जेवण, पहिले चार घास, एवढंच सांगा. रागावू नका, ते काम घरचे करतात.

आठवा: मिसळ

शेवटचा वर्ग गुरुवारी नाही, रविवारी सकाळी साडेआठला, मखमलाबादकडच्या एखाद्या मळ्यातल्या मिसळीवर. दहाच्या आत उरका, नंतर तिथे कसलंच ध्यान शक्य नाही. “वजनाच्या वर्गाला मिसळ?” असं नवे लोक विचारतात. पुढच्या रविवारी हे लोक मिसळ खाणारच आहेत, मग माझ्यासमोर खाल्लेली बरी.

रस्सा वेगळ्या वाटीत मागवा, मटकी-फरसाणावर आपल्या हाताने ओतायचा. पहिले चार घास गप्प बसून. काळ्या मसाल्याचा वास नाकात कुठे लागतो, फरसाण कितव्या घासाला मऊ पडतं, तर्री जिभेच्या आधी कानशिलाला कशी कळते. पहिला पाव संपला की थांबा. मिसळीचा सापळा सगळ्यांना ठाऊक आहे: रस्सा उरला म्हणून पाव, पाव उरला म्हणून रस्सा. पोऱ्या न विचारता रस्सा ओतून जातो, म्हणून वाटीवर हात ठेवायचा. पाचव्या गुरुवारचा सराव इथे उपयोगी पडतो. गेल्या बॅचमध्ये अंबडच्या एका सेकंड शिफ्टवाल्याने तीन पाव खाल्ले. तिसरा कशासाठी, विचारल्यावर म्हणाला, “भूक दुसऱ्यालाच भागली होती. रस्सा उरला होता.” वहीत तेवढंच लिहून घेतलं.

जिलेबी येते ती सगळ्यांत मिळून एक प्लेट. बिल ज्याचं त्याने द्यायचं. पुढचे तीन महिने दर पहिल्या गुरुवारी तासभर भेटायचं, ती तारीख तिथेच टेबलावर ठरवून घ्या, कारण घरी गेल्यावर कुणी फोन उचलत नाही.